पेटीमास्तरांची सोबत

व्यसनमुक्ती केंद्रात उपदेश ऐकावा लागणार हे मी धरूनच चाललो होतो. पण भंडाऱ्याकडच्या शहापूरजवळ असलेल्या त्या केंद्रात पहिल्या सकाळी पेटीमास्तर माझ्या खाटेशी येऊन बसले आणि हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसे म्हणाले, "आज उठल्याबरोबर मले लय तलफ आली गा. चहा घेतला तवा थोडी गेली. तुले कसं वाटून राहिलं?" मला वाटलं, हाही आपल्यासारखाच भरती झालेला. दुपारी कळलं की हे इथले कर्मचारी आहेत. त्यांनी नशा सोडली तेव्हा त्यांची मुलगी पाळण्यात होती आणि आता ती कॉलेजात जात होती.

तलफ ते अशी चारचौघांत सांगत. "सांगून टाकली का निम्मी होते, पोटात ठेवली का दुप्पट," हे त्यांचं म्हणणं. पहिल्या रविवारी आई-बाबा भेटायला आले आणि आईने विचारलं, "जयभीम जी मास्तर, आमचा रोशन बरा झाला का?" मास्तर म्हणाले, "जयभीम बाई. आज बरा हाय. मी बी आज बरा हाय." हे उत्तर आईला मुळीच आवडलं नाही. आपण पोराला नक्की कुठे आणून टाकलं, असं ती लाखनीला पोचेपर्यंत बाबांना विचारत होती.

तरुणपणी मास्तर झाडीपट्टीच्या नाटकांत पेटी वाजवत. हंगामात रोज नवं गाव आणि रात्रभराचं नाटक. जागं राहायला एक गोळी, दिवसा झोपायला दुसरी, असं करत करत ते ब्राऊन शुगरपर्यंत पोचले. ते सगळं ते हसत सांगत. "राजा मेला का जिता हाय ते मले समजे नाही, पेटी मात्र बराबर वाजे."

माझे पहिले दिवस वाईट होते. पाय आपोआप झटकत, हाडं आतून ठणकत आणि डोळ्याला डोळा लागत नसे. मास्तर पेटी घेऊन यायचे आणि म्हणायचे, "मी सूर धरतो, तू भाता हाण." माझा हात थरथरे, त्यामुळे गाणंही थरथरे, आणि मास्तर चेहरा अगदी गंभीर ठेवून त्या थरथरीसकट गात. पलीकडच्या खाटांवरचे हसून लोळायचे. मीही हसलो. नशेशिवाय हसून मला किती वर्षं झाली होती कोण जाणे.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दुकानं, पाळणे, पाहुण्यांची गर्दी आणि दिवसा दंडार, म्हणजे आमच्याकडचं नाचगाण्याचं लोकनाट्य. त्या वर्षी दिघोरीच्या मंडईत दंडारीला पेटी वाजवायचं बोलावणं मास्तरांना आलं. नशा सोडल्यापासून ते मंडईकडे फिरकले नव्हते. त्यांनी केंद्रातल्या डॉक्टरांची परवानगी काढली आणि मला बरोबर घेतलं. मला वाटलं, चला, आपली सहल निघाली. एसटीत बसल्यावर मास्तर हळूच म्हणाले, "मी तुले फिराले नाही नेऊन राहिलो. तू माह्या सोबतीले हायेस. मले भेव वाटून राहिलं."

मी एकदम ताठ बसलो. घरी मला दूध आणायला पाठवलं तरी मागून कुणीतरी येत असे. आणि हा माणूस स्वतःला माझ्या हवाली करत होता.

मंडपाच्या मागे त्यांचा जुना ढोलकीवाला भेटला. दोघांनी गळामिठी मारली, जुन्या आठवणी निघाल्या. मग त्याने खिशातून पुडी काढली. "रात्रीच्या नाटकाले बी बसा जी मास्तर. हे घ्या, रात्र कशी निंघून जाईन, मालूम नाही पडणार." मास्तरांची नजर त्या पुडीवर खिळली. त्यांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "रोशन, तू सांग गा याले. माह्या तोंडातून निंघून नाही राहिलं."

"मास्तर घेत नाहीत जी," मी म्हणालो.

"मंग तू घे," ढोलकीवाला हसला.

"मी बी नाही घेत."

हे वाक्य मी आईला, बाबांना, डॉक्टरांना पुष्कळदा ऐकवलं होतं. पण ज्याच्या हातात पुडी आहे अशा माणसाला मी ते पहिल्यांदाच म्हणालो. त्याने खांदे उडवले आणि पुडी परत खिशात घातली. मास्तरांनी आलूभज्यांचं पान मागवलं, मी आणि त्यांनी मिळून संपवलं आणि ते दंडारीला बसले.

परतताना मला शंका आली की हा सगळा बनाव माझ्यासाठीच रचला असावा. मी चेष्टेने म्हणालो, "काय नाटक केलं मास्तर तुमी." ते माझ्यावर रागावल्याचं मी तेवढं एकदाच पाहिलं. "नाटकं लय केली म्या. हे नोहोतं."

मी घरी आलो आणि लाखनीत हायवेवरच्या बाबांच्या टायरच्या दुकानात बसू लागलो. दोन वर्षं नीट गेली, आणि मास्तरांना जबड्याचा कॅन्सर निघाला. "सारं सोडलं, तंबाखूचा खर्रा तेवढा राहून गेला," ते म्हणाले. दुखणं फार होतं. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी ज्या गोळ्या लिहून दिल्या त्या मॉर्फिनच्या, आमच्यासारख्यांनी हातात धरू नयेत अशा. मास्तर म्हणाले, "दुखणं सोसाची मले हौस नाही. घेईन मी. पण पाकीट रोशनपाशी राहीन."

मुलगी दचकली. "बाबा, रोशनदादापाशी?"

"दुसऱ्या कोणालेबी मी फसवीन. याले नाही फसवता येत."

बाबांनी दुकान एकट्याने सांभाळलं आणि मी शहापूरला मास्तरांच्या घरी राहायला गेलो. त्यांनी फसवायचा प्रयत्न केलाच. "सकाळची गोळी देल्लीच नाही तू." मी म्हणायचो, "देल्ली." मग ते अर्ध्या तोंडाने हसत. एकदा त्यांनी विचारलं, "पाकीट हातात घेतलं का तुले कसं होते?" मी खरं तेच सांगितलं. "घ्यावीशी वाटते. आताबी वाटून राहिली." त्यांनी मान हलवली आणि गोळीसाठी हात पुढे केला. दोघांपैकी कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

एका दुपारी मास्तर गेले. झोपेतच गेले, दुखलं नाही. सगळं आटोपल्यावर पाकीट माझ्या खिशातच होतं आणि त्यात बऱ्याच गोळ्या उरल्या होत्या. घरात पाहुणे होते, डॉक्टरांकडे कुणालाही पाठवता आलं असतं. मुलगी माझ्याकडे आली. रडून तिचे डोळे सुजले होते.

"दादा, उरलेल्या गोळ्या भंडाऱ्याले डॉक्टरपाशी देऊन येजा," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

तिने माझ्यासोबत कुणालाही धाडलं नाही. मी एकटाच मोटरसायकलवर गेलो, पाकीट डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं, आणि बाहेर पायरीवर बसून मास्तरांसाठी पोटभर रडलो.