एदेल्मिराची निळी अंडी

आमच्या नणंदबाई एदेल्मिरा म्हणजे नाकावर माशी बसू न देणारी बाई. पण अंडी मात्र तिच्यासारखी पंचक्रोशीत कुणाकडेच नव्हती, हे तिच्या तोंडावर मी कधी म्हटलं नाही, पण खरं तेच आहे. शेपूट नसलेल्या, कानाशी पिसांचे झुमके लोंबणाऱ्या बारा कोंबड्या, आणि अंडी निळीशार. हा वाण तिच्या आईच्या आईपासून घराण्यात चालत आलेला. दर शुक्रवारी अंडी घेऊन ती चिलीतल्या आमच्या तेमुको शहराच्या बाजारात बसायची. गिऱ्हाईक भाव करायला लागलं की म्हणायची, "बाई, रंग काही मी लावलेला नाही." गिऱ्हाईक हसायचं आणि घेऊन जायचं.

गेल्या हिवाळ्यात नदीकडून मिंक आलं. मुंगसाएवढं जनावर, पण खाण्यासाठी मारत नाही, मारण्यासाठी मारतं. सकाळी खुराड्यात बाराच्या बारा कोंबड्या आणि दोन्ही कोंबडे मान मोडून पडलेले. एदेल्मिरा तिथंच चिखलात बसली. मी हात धरून उठवायला गेले, तर म्हणाली, "राहू दे गं." एवढा मऊ आवाज तिचा मी पस्तीस वर्षांत ऐकला नव्हता. मला रडूच आलं.

तिच्या वाणाचा वंश आता एकाच घरी उरला होता. नदीपलीकडच्या ओतिलिया नावेलकुराकडे. आमच्यात वाणाची कोंबडी विकत नाहीत. वसंतातल्या मेळ्यात बायका जमतात, चादरी पसरतात आणि बियाणं, लोकर, कोंबड्या यांची अदलाबदल करतात. ज्या दोघींत अदलाबदल झाली, त्या जन्मभराच्या सख्या. या दोघी तशा सख्या होत्या, ओतिलियाकडे हा वाण गेला तो असाच. पण नऊ वर्षांपूर्वी ओतिलियाने गावातून तपकिरी कोंबडा आणला, तिची अंडी हिरवी झाली, आणि आमच्या बाईसाहेबांनी भर मेळ्यात सगळ्यांसमोर तिला सुनावलं, "माझ्या आईच्या अंड्यात गढूळ पाणी कालवलंस." तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद.

"वन्सं, जा तिच्याकडे," मी म्हटलं. "नाहीतर वाण संपला."

आठ दिवस धुसफुसली, मग गेली. मीही सोबत होते. ओतिलियाने माते, म्हणजे आमचा कडू पाल्याचा चहा, प्यायला दिला, जुन्या सखीला देतात तसा, आणि तिचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. अंडी देईन म्हणाली, पण रिकाम्या हाती घ्यायची नाहीत, ती आपली रीत नाही. एदेल्मिराने लोकर देऊ केली, मग घोंगडी. ओतिलिया मान हलवत राहिली.

"लोकर नको. मेळ्यात बोललीस ना, तर मेळ्यातच सांग मी तपकिरी कोंबडा का आणला ते. तुला ठाऊक आहे."

मला ठाऊक नव्हतं. वाटेत विचारलं, तर नणंदबाईंनी माझ्याकडे बघितलंही नाही.

मेळ्याच्या दिवशी बायकांच्या चादरींवर वाटाणे, सुक्या मिरच्या, बटाट्यांचं बियाणं मांडलेलं. एदेल्मिराची चादर रिकामी. ती उभी राहिली. मला वाटलं, ही आता पाठ फिरवून घरी जाणार.

"त्या वर्षी ओतिलियाचा कोंबडा मेला," ती म्हणाली. "ती माझ्याकडे एक मागायला आली होती. माझ्याकडे तीन होते. मी म्हटलं, एकही नाही. निळी अंडी फक्त माझ्याच चादरीवर असावीत म्हणून. तिची अंडी हिरवी झाली ती माझ्यामुळे. आणि वर शिव्याही तिलाच घातल्या."

आम्हाला घेऊन आलेला माझा नवरा, म्हणजे तिचा सख्खा भाऊ, जमिनीकडे बघत राहिला. ओतिलियाने नऊ हिरवी अंडी आणून चादरीवर ठेवली आणि शेजारी बसली.

माझीच एक खुडूक कोंबडी त्यांवर बसवली. सात पिलं निघाली. त्यातल्या तलंगा मोठ्या होऊन अंडी घालू लागल्या, अर्थातच हिरवी. पुन्हा निळं यायला योग्य कोंबडा मिळून कितीतरी वर्षं जावी लागतील, आणि नणंदबाई चालल्यात त्र्याहत्तरीकडे. तरीही दर शुक्रवारी ती बाजारात बसते. परवा एक जुनं गिऱ्हाईक आलं, नाक मुरडून म्हणालं, "निळी गेली कुठं? ही कसली?"

मी पुढं होऊन मिंकची गोष्ट सांगणार होते. एदेल्मिराने मला हातानेच थांबवलं.

"ही ओतिलिया नावेलकुराची," ती म्हणाली. "घ्यायची तर घे."