चांदणीवालं घर

आयर्लंडमधल्या डंडॉकच्या उत्तरेला, उत्तर आयर्लंडच्या सीमेकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एकसारख्या घरांची एक वसाहत आहे. तिथे विभावरी सबनीसचं घर कुणी नंबरावरून ओळखत नाही. चांदणीवालं घर, असंच म्हणतात.

विभावरी मूळची मिरजेची. हृदयात घालायच्या बारीक नळ्या बनवणाऱ्या कारखान्यात ती मायक्रोबायॉलॉजिस्ट आहे. नळ्यांवर जंतू उरलेत का, हे ती काचेच्या तबकड्यांत तपासते. तबकडीत काही उगवलं नाही, की दिवस चांगला गेला म्हणायचं.

इथल्या पहिल्याच दिवाळीत तिने बागकामाच्या दुकानातून बांबूच्या काठ्या आणल्या आणि चिरून आकाशकंदील केला. पाच टोकांची चांदणी, पिवळा कागद, खाली झिरमिळ्या. दिवाळी सरली तरी तो उतरवायला तिचा हात होईना. चहाच्या वेळेलाच काळोख दाटत होता.

"तुमचा ख्रिसमस फारच लवकर आला गं," शेजारची नोरीन कुंपणावरून म्हणाली. सत्तरी ओलांडलेली ही बाई एकटी राहते आणि सगळ्यांची चौकशी ठेवते. विभावरीने खुलासा केला नाही. चांदणी नाताळात मुरून गेली. नोरीनच्याच सांगण्यावरून ती दरवर्षी सहा जानेवारीला आकड्यावरून उतरू लागली, कारण त्यानंतर दिवे ठेवणं इथे अशुभ मानतात. थंडीत कामावरून परतताना वळणावरून तो पिवळा उजेड दिसला, की विभावरी गाडीत एकटीच हसायची.

यंदा ऑगस्टमध्ये तिच्या कारखान्यातल्या आकाशला बसथांब्यावर चौघांनी मारलं. जबडा मोडला. 'घरी जा' एवढंच ते म्हणत होते. तो घरीच निघाला होता. चौघे अजून सापडलेले नाहीत.

दिवाळीत तिच्या नवऱ्याने, मुकुलने, कंदील माळ्यावरून काढू दिला नाही. डिसेंबर लागला, समोरच्या छपरावर रेनडिअर लुकलुकायला लागले, तसा त्याचा विचार बदलला.

"आता लाव. सगळ्यांचेच लागलेत. आपला त्यात खपून जाईल."

"म्हणजे दिवाळीत आपला दिसतो म्हणून नको, आणि आता त्यांचा वाटेल म्हणून चालेल?"

"विभा, शब्दात पकडू नकोस. सेफ्टीचं बोलतोय मी."

"मग मला नकोच."

त्यामुळे सबंध रांगेत तेवढं एकच घर काळं राहिलं.

नाताळच्या आधीच्या आठवड्यात, अंधार पडल्यावर, नोरीन सुक्या मेव्याच्या गोड मिन्स पायचा डबा घेऊन आली.

"चांदणी लावली नाहीस ना, पंचाईत झाली बघ. काल दोन पोरं गाडीतून विचारत होती, ते चांदणीवालं इंडियन घर कुठलं म्हणून. मी म्हटलं, यंदा त्यांचे दिवे नाहीत, ते अंधारातलं. आले होते का?"

"नाही," विभावरी म्हणाली.

"येतील मग. ग्रँड पोरं होती, अगदी चांगली. एकाने तुमच्या घराचा फोटोसुद्धा काढला."

नोरीन गेली. मुकुलने दार लावलं, वरची कडी घातली आणि ती बसली का ते पुन्हा ओढून पाहिलं.

"पोलिसांना फोन करतो."

"काय सांगशील? फोटो काढला म्हणून?"

"जे झालंय ते सांगीन."

तो फोनवर ताटकळत असताना विभावरी माळ्यावरून कंदील घेऊन आली. एका बाजूचा कागद फाटला होता. तिने तो चिकटपट्टीने जोडला, दार उघडलं आणि स्टूल बाहेर ओढलं.

"आता? वेड लागलंय का? मुद्दाम डिवचायचंय त्यांना?"

"त्यांना घर कळलंय, मुकुल. अंधार आता फक्त त्यांच्याच उपयोगाचा आहे."

तिने कंदील आकड्याला अडकवला आणि बटण दाबलं. पिवळा उजेड पायवाटेवरून थेट फाटकापर्यंत गेला. फाटकाच्या गजांमधून पलीकडचा रस्ताही थोडा दिसायला लागला. एवढं दिसलं तरी तिला पुरे होतं.

आत फोन लागला. मुकुल नाव-पत्ता सांगू लागला, अक्षर अक्षर फोडून, कारण पलीकडच्याला आडनाव कळत नव्हतं.

वळणावर एक गाडी आली. तिचे दिवे विझले, पण ती थांबली नाही, सावकाश पुढे येत राहिली.

"विभा, आत ये."

विभावरी स्टुलावरून उतरली आणि कंदिलाखाली, रस्त्यावरून स्पष्ट दिसेल अशी, उभी राहिली.