धोंड्याच्या ताटात ठेवलेली गाडी

लोणारच्या शालिग्रामची निम्मी हयात दुसऱ्याच्या गाडीचं स्टिअरिंग धरण्यात गेली. शेगावच्या स्टेशनवर उतरलेली माणसं महाराजांचं दर्शन घेतात, मग कुणाला तरी आठवतं की इथून पुढं लोणारचं सरोवरही बघायला हवं, वाटेत हिवरा आश्रमही करता येईल. त्या माणसांना शालिग्राम हिंडवून आणायचा. गाडी मालकाची, डिझेल मालकाचं, आणि शिव्याही मालकाच्याच. प्रवासी खूश होऊन विचारायचे, "गाडी तुमचीच का?" तेव्हा हा आरशात बघत "हाव, आपलीच समजा" म्हणायचा. त्या 'समजा'त त्याची सगळी दुखरी जागा होती. ती घरच्यांनाही ठाऊक होती.

आणि नुसती घरच्यांनाच नाही. पोरगी अपेक्षा मेहकरला दिली होती, जावई राजकुमार तिथल्या एका शाळेत क्लार्क. सोयरीक चांगली, पण पोरीची सासू जिभेची तिखट. "सुनेचा बाप लोकाच्या गाडीवर डायवर हाये," हे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला मीठ-मिरची लावून सांगायची. अपेक्षा माहेरी आली की हे सांगायची नाही. न सांगितलेलं बापाला जास्त ऐकू येतं.

शेवटी शालिग्रामनं बस स्टँडमागचा वडिलोपार्जित प्लॉट विकला आणि पैसे घेऊन खामगावच्या शोरूमला गेला. आठ सीटांची पांढरी गाडी त्यानं आधीच मनात पक्की केली होती. रोख पैसे मोजून द्यायचे, चावी घ्यायची आणि निघायचं, एवढा सरळ हिशेब. पण शोरूमवाल्यानं खुर्ची पुढं ओढली आणि चहा मागवला. फुकटचा चहा आला की माणसानं सावध व्हावं, पण आपला भोळा सांब निवांत फुरके मारत बसला.

"रोख घेतली तर भाव हाये तोच," शोरूमवाला म्हणाला. "आमच्या फायनान्सवर घेतली तर मोठी सूट. तुमचा पैसा बँकेत ठेवा. सहा महिने हप्ते भरा अन् मंग एकदम लोन बंद करून टाका. सहा महिन्यांच्या आत बंद केलं तर सूट परत द्या लागते, तेवढं फक्त ध्यानात ठेवा."

त्यात खोटं काहीच नव्हतं. हिशेब चोख होता, सूटही खरी होती. अडचण एकच निघाली. ड्रायव्हरला कुठली आली पगाराची स्लिप? फायनान्सवाल्यांना नोकरदार माणूस हवा होता. मग जावयाला विचारलं. राजकुमार भला, लगेच तयार झाला. कर्ज त्याच्या नावावर, म्हणून गाडीही त्याच्या नावावर. शालिग्राम फोनवर म्हणाला, "जवाईबापू, फक्त सहा महिने. मंग लोन बंद करू अन् गाडी नावावर करून घेऊ." पलीकडून "हो मामाजी, काही टेन्शन नका घेऊ" असं आलं.

वसंत पंचमीला गाडी दारात आली. सवलतीत वाचलेल्या पैशातून शालिग्रामनं वर कॅरिअर टाकलं, सीटांना कव्हरं घातली आणि बायकोला, मंजुळाबाईला, पुढच्या सीटवर बसवून शेगावला नेऊन आणलं. ते सहा महिने त्याच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे. कुणी विचारलं तर आता तो 'समजा' म्हणत नसे. दर महिन्याला जावयाच्या खात्यात हप्त्याचे पैसे टाकायचा, आणि बँकेतल्या पैशाला हात लावायचा नाही. शोरूमवाल्याला आपण कसं गुंडाळलं, हे तो पानठेल्यावर इतक्यांदा सांगायचा की ठेलेवाला न विचारताच पान पुढं करून त्याचं तोंड बंद करायचा.

सहा महिने भरले आणि नेमका अधिक महिना लागला. आपल्याकडं त्याला धोंडा म्हणतात. या महिन्यात लेक-जावयाला बोलावून ताटात अनारसे मांडायचे, वर दिवा ठेवायचा आणि ते वाण जावयाच्या हाती द्यायचं. लग्नानंतरचा राजकुमारचा हा पहिलाच धोंडा. लोन त्याच्या नावावर, तेव्हा अर्ज त्यानंच करायचा आणि पैसेही त्याच्याच खात्यातून जायचे होते. शालिग्रामनं विचार केला, जावई घरी येतोच आहे, बँकेतून रक्कम काढून त्याच्या हातातच देऊ.

रक्कम कापडी पिशवीत होती. मंजुळाबाईनं ती पाहिली आणि तिचा चेहरा उतरला.

"अवो, धोंड्याच्या दिवशी जवायाच्या हाती पिशवी देता? बाजाराले पाठवून राह्यले का त्याइले? लक्ष्मी हाये ते. ताटात ठेवा, हळद-कुंकू वाहा."

आता हे म्हणणं चुकीचं कसं म्हणायचं? शालिग्रामनं नोटांची बंडलं तांब्याच्या ताटात अनारशांच्या बाजूला मांडली. आळीतल्या बाया जमल्या होत्या. मंजुळाबाईनं दिवा लावला, ताट जावयाच्या हाती दिलं, आणि बायांचे डोळे पांढरे झाले. राजकुमारनं भारावून ताट कपाळाला लावलं. 'हे लोनचे आहेत' हे शब्द शालिग्रामच्या अगदी ओठावर आले होते. पण एवढ्या बायांसमोर, जावयाच्या मानाच्या दिवशी, हप्त्याची भाषा काढायची? जावयाला माहीतच आहे, असं म्हणून त्यानं ते शब्द गिळले.

पुढच्या महिन्यात फोन आला.

"मामाजी, हप्त्याचे पैसे टाकले नाई तुमी. खात्यातून माझे कटले."

"हप्ता कायचा? लोन बंद नाई केलं का?"

"कायच्यानं बंद करू?"

"धोंड्याले देल्ले न पैसे..."

मग राजकुमार चाचरत म्हणाला, "मामाजी, तुमी फोनवर बोलले होते हे खरं. पण ताट पाह्यलं अन् मले वाटलं, तुमी इचार बदलला. लोनचे पैसे कोनी दिवा लावून देते का? म्या तं प्लॉट घेतला, मेहकरात. तुमच्याच लेकीच्या नावावर."

धोंड्याचं वाण परत मागितलेलं शालिग्रामच्या सात पिढ्यांत कुणी ऐकलं नव्हतं. "बरोबर हाये, बरोबर हाये," एवढंच तो बोलला.

मग सुरू झाली फरफट. लोणारच्या बँकेत जाऊन त्यानं विचारलं, हे कर्ज तुम्ही घ्या, व्याज कमी करा, मुदत वाढवून द्या. बँकवाला म्हणाला, कर्ज तुमचं नाही, गाडी तुमची नाही, तुम्ही कोण? उत्तर सोपं होतं, पण कागदावर लिहिता येण्यासारखं नव्हतं. इकडं नवा महामार्ग झाल्यापासून लोक आपापल्या गाड्यांनी थेट सरोवरावर उतरायला लागले. शेगावच्या फेऱ्या आटल्या. हप्ते चुकले. फायनान्सवाले जावयाच्या शाळेत जाऊन बसले, आणि राजकुमारचा फोनवरचा आवाज कोरडा झाला.

शेवटी मंजुळाबाईच म्हणाली, "जा अन् सांगा त्याइले. प्लॉट इका म्हना. आपलेच पैसे हायेत, चोरी नाई केली." तिचं बरोबरच होतं. शालिग्राम वाटभर वाक्य घोकत मेहकरला पोचला.

राजकुमार शाळेत होता. अपेक्षानं दार उघडलं. सासू सोप्यावर गहू निवडत बसली होती. ती चक्क उठली आणि म्हणाली, "या याहीबुवा, बसा." एवढ्या दिवसांत व्याह्याला मान देणारा हा शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर पडला होता. अपेक्षा चहा घेऊन आली आणि बापाजवळ बसून हळूच बोलली.

"बाबा, त्या प्लॉटानं जादूच केली. आत्याबाई आख्ख्या गल्लीले सांगतात, माह्या सुनेनं माहेराहून जागा आणली म्हणून. आता मले कोनी डायवरची पोरगी नाई म्हनत." तिनं डोळे पुसले आणि हसली. "तुमी कसे आले? काई काम होतं का?"

"कायचं काम? या रस्त्यानं चाललो होतो," शालिग्राम म्हणाला. चहा संपवून तो उठला.

तिथून तो घरी वळला नाही. सरळ खामगावला गेला, फायनान्सवाल्यांच्या आवारात गाडी उभी केली आणि चावी टेबलावर ठेवली. लिलावात जे येईल ते कर्जात जाईल, वर काही उरलं तर पाहू, असं तिथल्या माणसानं सांगितलं. शालिग्रामनं मान हलवली. गाडीकडं त्यानं वळून पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर तिथंच बसून रडला असता. मग एसटी धरली.

मंजुळाबाई दारातच होती.

"गाडी?"

"देल्ली."

"अन् तुमी बोलले नाई त्याइले?"

"पोरगी सुखात हाये," शालिग्राम म्हणाला आणि चपला काढायला खाली वाकला. सकाळी त्याला शेगावला जाऊन जुन्या मालकाच्या पाया पडायचं होतं.