दुसऱ्याच्या जागेवर

"निभलं बा आजचं," असं म्हणत सर ऑपरेशन थिएटरमधून बाहेर यायचे आणि डोक्यावरची टोपी काढून खिशात कोंबायचे. ऑपरेशन अपेंडिक्सचं असो की आतड्यातल्या गाठीचं, वाक्य तेच. झालं, जमलं, चांगलं झालं, असं ते कधी म्हणाले नाहीत. फक्त निभलं.

अकोल्यात मी त्यांच्याबरोबर बरीच वर्षं भूल देण्याचं काम केलं. पोटाच्या शस्त्रक्रियेत इतका सफाईदार हात मी दुसरा पाहिला नाही. पण पेशंट वॉर्डात पोचायच्या आत सरांचा सिस्टरला फोन जायचा. घरी पोचले की फोन, पानावर बसले की फोन. एकदा सिस्टर वैतागून म्हणाल्या, "सर, तुम्ही पेशंटच्या बाजूलाच खाट टाका." सरांनी ते जवळजवळ मनावर घेतलं होतं.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. सत्काराची शाल अंगावर पडत असते आणि यांचं लक्ष दाराकडे.

मग एका सकाळी पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. एक शिक्षिका टेबलावर होत्या, भूल अजून द्यायची होती. सर हात धूत होते. मी वाट पाहिली, मग बाहेर डोकावलो. पाणी वाहत होतं, कोपरापर्यंत साबण, आणि सर धूतच होते.

"सर, येताय ना?"

त्यांनी वळून पाहिलं नाही. "आज नाई जमत मले," एवढंच म्हणाले.

सरांची तब्येत बिघडली आहे, असं मी नातेवाइकांना सांगितलं. ते खोटं नव्हतं. ऑपरेशन दुसऱ्या सर्जननी केलं. त्यानंतर काही दिवस सर दवाखान्यात आलेच नाहीत. मी घरी गेलो तर ते अंगणात येरझारा घालत होते. वहिनी म्हणाल्या, दिवसभर हेच चालू आहे.

समुपदेशकाकडे जाऊ, असं मी सुचवलं तेव्हा ते भडकले. अकोल्यात तर शक्यच नाही म्हणाले. अर्ध्या गावाची पोटं आपण उघडली आहेत. "पेशंट म्हणतीन, याचंच डोकं ठिकाणावर नाई, हा आमचं पोट काय फाडन?"

म्हणून अमरावती. राजापेठेत वरच्या मजल्यावर एका बाईंचं समुपदेशन केंद्र होतं, खाली ट्यूशन क्लास. जिन्याशी पहिल्या आलेल्या मुलांच्या फोटोंचा मोठा फलक होता. सर त्याच्यासमोरच थांबले. पाहता पाहता वळले आणि थेट गाडीत जाऊन बसले. त्या दिवशी आम्ही चहा पिऊन परत आलो. पुढच्या आठवड्यात मात्र जिना चढले. मी खाली थांबलो.

परतीच्या वाटेवर, मूर्तिजापूर मागे पडल्यावर, ते आपणहून बोलू लागले.

"गावानं माही ट्रॅक्टरवरून मिरवणूक काढली होती, डॉक्टर. हिवरखेडचा पोरगा मेडिकलले लागला म्हणून. पण मी वेटिंग लिस्टवर होतो. ऐन वेळी कोण्यातरी पोरीनं सीट सोडली, म्हणून माहा नंबर लागला. कोणाले सांगतलं नाई. तिच्या जागेवर बसल्यासारखं वाटते मले अजून. कोणी येईन अन् ऊठ म्हणन."

मी विचारलं, बाई काय म्हणाल्या? तुम्ही किती मोठे सर्जन आहात, असलं काही त्या बोलल्या नव्हत्या. ती मुलगी आज समोर आली तर काय म्हणेल, एवढंच त्यांनी विचारलं. त्या प्रश्नाचाच सरांना राग आला होता.

बाईंनी एक काम दिलं. ऑपरेशननंतर वॉर्डात पेशंटची तपासणी सिस्टरना नेहमीसारखी करू द्यायची, संध्याकाळी राउंड घ्यायचा. मधल्या वेळात फोन करायचा नाही. जीव खालीवर होईल, तो होऊ द्यायचा. सर पुन्हा छोटी ऑपरेशनं करू लागले तेव्हा त्यांचा मोबाइल माझ्याकडे असायचा. पहिल्या दिवशी त्यांनी व्हरांडा पालथा घातला, वॉचमनला वॉर्डात पिटाळलं आणि शेवटी मेडिकल स्टोअरच्या फोनवरून सिस्टरला गाठलं. ते सगळं बाईंना सांगून आले स्वतःच. मग फोनची सवय थोडी सुटायची, पुन्हा धरायची. बरेच महिने गेले यात.

पुढे हिवरखेडला गुणवंतांच्या सत्काराला त्यांना बोलावलं. मीही गेलो. माइकपुढे उभे राहिले तेव्हा त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. मिरवणूक, वेटिंग लिस्ट, सोडलेली सीट, सगळं त्यांनी सांगून टाकलं. मग निवेदकाने मौलिक मार्गदर्शनाबद्दल सरांचे आभार मानले आणि पुढचं नाव पुकारलं. खाली उतरताच एका म्हाताऱ्याने त्यांना धरलं आणि धोतर वर करून गुडघा दाखवला. पोटाच्या सर्जननी तो मुकाट्याने चाचपून पाहिला.

गाडीत ते चिडलेले होते. "एवढं सांगतलं मी त्याईले. कोणाले काईच नाई वाटलं?"

"नाही वाटलं, सर."

तेल्हारा येईपर्यंत ते खिडकीबाहेर पाहत बसले. मग एकदम हसू लागले, डोळे पुसले, पुन्हा हसले. शेवटी हळू आवाजात म्हणाले, "मंग मी काहून भेलो, डॉक्टर, एवढी वर्षं?"



आता ते अकोल्यात नाहीत. मोर्शीला त्यांनी लहानसा दवाखाना काढला आहे. इथे नवे सर्जन आहेत, हुशार आहेत, काम संपलं की शीळ घालत निघून जातात. थिएटर आवरताना मला उगाच चुकल्याचुकल्यासारखं होतं.

मध्यंतरी मोर्शीला एका ऑपरेशनसाठी त्यांनी मला बोलावलं होतं. ते नीट पार पडलं. पेशंटला वॉर्डात सोडून मी सरांना शोधत बाहेर आलो. नातेवाइकांच्या बाकावर, पिशव्यांच्या गर्दीत, ते भिंतीला डोकं टेकून झोपले होते. मी हाक मारणार तोच शेजारी बसलेल्या बाईने हाताने थोपवलं.

"झोपू द्या जी," ती म्हणाली. "आत्ताच डोळा लागला त्याईचा."

मी उभा राहिलो. सरांची मान कलली होती, तोंड किंचित उघडं होतं. मांडीवरच्या उजव्या हाताची बोटं मात्र हलत होती, कुठेतरी आत टाके घालत असल्यासारखी.