चौथ्या कोपऱ्यातला कोंबडा

रिकामी जागा दिसली की माझा हात शिवशिवतो. गोडादरा या आमच्या वस्तीत बसून एम्ब्रॉयडरी मशीनची डिझाइनं कॉम्प्युटरवर करता करता ही खोड लागली. साडीचा पदर जरा मोकळा राहिला की शेठ विचारतो, "भाई, इथं काय झोप लागली होती?"

समोरच्या घरातले काका नवापूरकडचे ख्रिस्ती, मिलमधून रिटायर झालेले. प्रार्थनेच्या टेबलासाठी त्यांना एक कापड भरून हवं होतं. तीन कोपऱ्यांत तीन चित्रं: कोकरू, कबूतर आणि जहाजाचा नांगर.

"कोकरू म्हणजे दुसऱ्यांसाठी बळी गेलेला येशू. कबूतर म्हणजे पवित्र आत्मा. नांगर म्हणजे आशा, वादळात जहाज धरून ठेवतो," काका समजावत होते.

"आणि साप म्हणजे सैतान," मी हुशारी केली.

"नेहमी नाही. वाळवंटात मोशे या संदेष्ट्यानं खांबावर पितळेचा साप लावला होता. साप चावलेली माणसं त्याच्याकडे बघून वाचायची. जनावर तेच, अर्थ उलटा. आधी गोष्ट वाचायची बेटा, मग चित्र काढायचं."

मी मान डोलावली. अशी मान मी शेठपुढंही डोलावतो; तिचा ऐकण्याशी काही संबंध नसतो.

"चौथा कोपरा?"

"तो राहू दे मोकळा."

का, ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. कापड रविवारी हवं होतं. कित्येक वर्षं न बोललेला त्यांचा धाकटा भाऊ त्या दिवशी नवापूरहून जेवायला येणार होता. काकी चार दिवस घर घासत होत्या.

शनिवारी मला राहवेना. लहान मुलींच्या फ्रॉकसाठी केलेला एक कोंबडा फाइलमध्ये पडून होता. लाल तुरा, ऐटदार शेपटी. कोंबडा म्हणजे पहाट, पहाट म्हणजे नवी सुरुवात. अर्थ मीच लावला, मीच पास केला आणि कोंबडा चौथ्या कोपऱ्यात भरून टाकला.

रविवारी मुद्दाम उशिरा, पाहुणे बसल्यावर गेलो आणि सगळ्यांसमोर कापड झटकून टेबलावर पसरलं. वाहवा ऐकायला कान टवकारले. काकांचा चेहरा उतरला. भावानं कोंबड्यावरून बोट फिरवलं.

"दादा, याचीसुद्धा नक्षी केलीस?"

तो माझ्याकडे वळला. "हे भरायला कोणी सांगितलं?"

काय चुकलं ते मला कळलं नव्हतं. चुकलंय, एवढं कळलं. अशा वेळी धंद्यातलं वाक्य आपोआप बाहेर पडतं.

"आम्ही काय, गिऱ्हाईक सांगेल ते भरतो."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, पण मला खोटं पाडलं नाही. भाऊ उठला, चपला घातल्या आणि न जेवता गेला.

मग काकांनी गोष्ट सांगितली. येशूला धरून नेलं तेव्हा पेत्र नावाच्या त्याच्या शिष्यानं तीनदा सांगितलं, मी या माणसाला ओळखत नाही. तिसऱ्यांदा म्हणाला आणि कोंबडा आरवला. पेत्र बाहेर जाऊन रडला.

"मिलमध्ये भावावर कापडाचा ताका चोरल्याचा आळ आला. त्यानं चोरला नव्हता. साहेबानं मला विचारलं, हा तुझा कोण? मी म्हणालो, कोणी नाही. नोकरी जाईल म्हणून." काकांनी कापडाची घडी घातली. "आज जेवण झाल्यावर माफी मागणार होतो. त्यानं माफ केलं असतं तर चौथ्या कोपऱ्यात काय भरायचं ते त्यालाच विचारणार होतो."

पुढच्या रविवारी मी नवापूरची बस पकडली. आपण घातलेला घोळ आपणच निस्तरू, ही माझी आणखी एक खोड.

भावानं मला चहा दिला. मी सगळं ओकलो. "कोंबडा माझा. काकांना ठाऊकसुद्धा नव्हता. लोकांसमोर माझी फजिती होऊ नये म्हणून ते गप्प बसले."

"तुला सांभाळून घेतलं त्यानं?"

"हो ना!" मी उत्साहानं म्हणालो.

त्यानं अंगणाकडे तोंड फिरवलं. "शेजारच्या पोराला. मी तर सख्खा होतो." मग म्हणाला, "चहा पी. निवतोय."

परत आलो तर काका दारातच उभे होते.

"काय म्हणाला?"

"चहा दिला," मी म्हणालो.

काकांना तेवढंही पुष्कळ वाटलं. काकींना हाक मारून त्यांनी ते लगेच सांगितलं.