बरोबर समजले ना मी?

आमच्या भिवंडीतल्या मुलींच्या वादविवाद स्पर्धेत भांडायला बंदी होती. हसू नका, खरंच. बिस्मिल्लाह म्हणून सुरुवात, समोरचीला सलाम, आवाज चढवायचा नाही, बोट रोखायचं नाही, आणि वर्गातल्या मैत्रिणीलाही इथे "आपण" म्हणायचं. सगळ्यात मोठा नियम वेगळाच होता. समोरचीचं म्हणणं खोडण्याआधी ते तिलाच आपल्या शब्दांत सांगायचं आणि विचारायचं, "बरोबर समजले ना मी?" ती "हो" म्हणाली तरच पुढे जायचं. "नाही" म्हणाली तर पुन्हा सांगायचं. खोडायला दोन मिनिटं मिळत, आणि हे सांगणंही त्यातच धरत. स्पर्धा घेणाऱ्या मोठ्या बाई म्हणायच्या, दुसऱ्याचं नीट ऐकणं हीच अदब.

मी दहावीत होते. कोन गावची, मराठी शाळेतली, तोंडाने फटाकडी. सलग दोन वर्षं पहिल्या नंबराची ढाल माझ्याच घरी, त्यामुळे डोक्यात हवा. त्या वर्षी शेवटच्या फेरीत समोर आली उर्दू शाळेतली एक मुलगी. वडील यूपीहून आलेले, पॉवरलूमवर कामाला. मराठी ती पुस्तकातून आणि शेजारपाजाऱ्यांकडून शिकलेली. तरी मराठीत बोलायला उभी राहिली होती, आणि मला त्याचाच राग. आमच्या भाषेत येऊन आम्हालाच हरवणार का? एवढीच माझी अक्कल.

फेरीच्या आधी आम्ही दोघी पाण्याच्या नळावर भेटलो.

"पहिला नंबर आला तर आमच्या बाई अब्बांशी बोलणार आहेत," ती म्हणाली. "मग अब्बा कॉलेजला पाठवतील. नाहीतर दहावीनंतर घरीच."

"इन्शाअल्लाह, होईल," मी म्हटलं. म्हणजे मला सगळं माहीत होतं. माहीत असूनही मी पुढचं केलं, आणि त्याचीच आजवर लाज वाटते.

विषय होता, लग्नात दस्तरखान, म्हणजे खाली चादर पसरून वाढलेली पंगत, हवा की बुफे. माझ्या वाट्याला बुफे. मी चार मिनिटं बोलले. घरच्या बायका वाढून वाढून कशा दमतात, शेवटी कशा बसतात, तोवर बिर्याणी कशी गार होते. त्यात माझ्या फुफीचा, म्हणजे आत्याचा, किस्सा घुसडला, लोकांना हसवलं. टाळ्या पडल्या. मग ती उठली. सलाम केला आणि सावकाश म्हणाली, "आपण म्हणता, दस्तरखानावर घरची बाई सगळ्यांना वाढते आणि स्वतः शेवटी गार जेवते. बुफेत तीही सगळ्यांबरोबर गरम जेवते. बरोबर समजले ना मी?"

अगं बाई! मी चार मिनिटं घोळवलेलं तिने दोन वाक्यांत मांडलं होतं, आणि माझ्यापेक्षा नीट. एवढं जिला समजलं ती आता माझ्या चिंधड्या उडवणार. माझ्या तोंडून निघालं, "नाही. माझं म्हणणं असं नव्हतं."

"माफ करा," ती म्हणाली, आणि तेच दुसऱ्या शब्दांत सांगितलं. मी पुन्हा "नाही" म्हटलं. तिसऱ्या वेळी तिचा आवाज फुटला, पण नजर माझ्यावरून हलली नाही. तिला कळलं होतं. मी तिसऱ्यांदा "नाही" म्हटलं आणि टेबलावरची घंटा वाजली.

परीक्षक होते मराठीचे एक निवृत्त गुरुजी, फार सज्जन माणूस. ते म्हणाले, "मराठी तिची घरची भाषा नाही, समजायला जड जाणारच." सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्यावर कुणाला संशयसुद्धा आला नाही. समोरची खोटं बोलेल असं तो नियम करणाऱ्यांच्या मनातच आलं नसावं.

शेवटी रिवाजाप्रमाणे एकमेकींना मिठी मारून "कहा-सुना माफ", म्हणजे चुकलं-माकलं माफ, म्हणायचं असे. ती आली, म्हणाली. मीही पटकन म्हणून टाकलं. लक्ष सगळं तिसऱ्यांदा मिळालेल्या ढालीकडे.

दहावीनंतर तिची शाळा सुटली, पुढे जवळच्याच शेलार गावात लग्न झालं, हे कानावर आलं. अब्बांनी तसंही पाठवलं नसतं, असं मी स्वतःला किती वेळा समजावलं. छे, त्याने काही होत नाही.

आता मी शिक्षिका आहे. त्याच स्पर्धेसाठी मुली तयार करते, तोच नियम त्यांच्याकडून घोटून घेते. गेल्या हिवाळ्यात लहान गटातल्या एका चुणचुणीत पोरीला न्यायला तिची आई आली. "मॅडम, बोलते का नीट? घरात लय बडबड हाय तिची." सतरा वर्षं शेलारला राहून तिची मराठी पार तिथली झाली होती. पण नजर तीच. मी ओळखलं. तिने तर मला केव्हाच ओळखलं होतं.

पोरीला बाहेर थांबवून मी तिला रिकाम्या वर्गात बसवलं आणि एका दमात सगळं बोलून टाकलं. तू तिन्ही वेळा बरोबर होतीस. मी घाबरून खोटं बोलले. तुझ्या कॉलेजचं माहीत असून बोलले. मला माफ कर. बोलता बोलता मला रडू फुटलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. माझं संपल्यावर ओढणी सारखी केली आणि अगदी शाळेतल्यासारखी, सावकाश म्हणाली, "आपण म्हणता, मी बरोबर होते आणि आपल्याला ते ठाऊक होतं. माझं कॉलेज त्यावर होतं, तेही ठाऊक होतं. आणि आता मी माफ केलं, तर आपल्याला बरं वाटेल. बरोबर समजले ना मी?"

"हो," मी म्हटलं.

आता बोलायची पाळी तिची होती. मी मान खाली घालून थांबले. तिने पोरीचं दप्तर उचललं, सलाम केला आणि निघून गेली.