तवा, मिरच्या आणि सरळ तास

त्या दिवशी सकाळी धुकं इतकं दाट होतं की ओट्यावरून समोरचा गोठा दिसत नव्हता. नऊच्या सुमाराला ते फाटलं आणि असं लख्ख ऊन पडलं की घासलेल्या भांड्यांकडं बघवेना. पण त्या दिवसाचं शेवटी सांगतो. आधीचं सांगितल्याशिवाय ते कळायचं नाही, आणि आधीचं पुष्कळ आहे. नांगरताना दगड निघाला की आपण तो बांधावर टाकतो. मोजत कोण बसतं? एक दिवस बघावं तर ढीग झालेला असतो. आमच्या ट्रॅक्टरच्या किश्श्यांचं तसंच झालं.

* * *

लासलगावच्या अलीकडं आमचं शेत. आधी बैलांवर, मग ट्रॅक्टरवर, पण नांगराचा तास सरळ काढावा तो तात्यानं, असं माझं नाव होतं. युक्ती साधी. पलीकडच्या टोकाला काठी रोवायची, तिला लाल फडकं बांधायचं, आणि चाकाकडं न बघता फडक्याकडं बघत जायचं.

पुढं ते फडकं पुसट होत गेलं. नाशिकच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याचा मागचा पडदा गेलाय, ऑपरेशनचा उपयोग नाही. मी कोणाला बोललो नाही. ट्रॅक्टरच्या सीटवरून उतरलो असतो तर मला दुसरं काय येत होतं?

पकडलं सुभेदारांनी. देवळाली कॅम्पला तोफखान्यात मोजणीचं काम करून ते निवृत्त झाले आणि आमच्या गावात घर बांधून राहिले. एकदा शेतात येऊन म्हणाले, "तात्या, फडकं दिसतंय का?"

"दिसतंय की. वाऱ्यावर चांगलं हलतंय."

त्यांनी पाठीमागचा हात पुढं केला. फडकं त्यांच्या हातात होतं.

मला वाटलं, आता गावभर होणार. तर म्हणाले, "उपग्रहावरून जागा कळते हल्ली. तुमच्या ट्रॅक्टरलाच सरळ चालायला शिकवू. तुम्ही नुसतं वर बसा."

* * *

यंत्र बनवायला वेल्डिंगवाले रफिकभाई आले. ट्रकच्या वायपरची मोटर, तिला रबराची फिरकी, ती स्टिअरिंगला टेकवलेली. फिरकी फिरली की स्टिअरिंग फिरणार. जुना लॅपटॉप द्राक्षाच्या क्रेटमध्ये बसवला. उपग्रहाचा इशारा पकडणाऱ्या अँटेनाखाली लोखंडाचा सपाट तुकडा पाहिजे, असं सुभेदार म्हणाले.

दुपारी आमची मंडळी भाकरी करायला बसली तर चुलीपाशी तवा नाही. शोधत शोधत बाहेर आली, तर तवा ट्रॅक्टरच्या टपावर. म्हणाली, "आता भाकरी थापायला वर येऊन बसू का?"

रफिकभाई म्हणाले, "भाभी, जरा दम धरा. इंजन गरम झालं की शेकून बी निघंल."

* * *

पहिल्या दिवशी मोटरच्या वायरी उलट्या लागल्या होत्या. लॅपटॉप सांगायचा डावीकडं, मोटर न्यायची उजवीकडं. जितकं चुकायचं तितकं ते सुधारायला जायचं, आणि जितकं सुधारायचं तितकं चुकायचं. मी शेताच्या मधोमध तीन घिरट्या घातल्या, मग बंद केला.

बांधाला बांध लागून दामूअण्णाचं शेत. आमच्या बांधानं त्याची पाऊलभर जमीन खाल्ली, असं त्याचं म्हणणं. त्यावरून अकरा वर्षं आमचं बोलणं बंद. त्यामुळं तो माझ्याशी बोलला नाही. बैलाच्या पाठीवर हात फिरवत मोठ्यानं म्हणाला, "सर्ज्या, तात्या आज नांगरतोय का मळणी करतोय रं?"

* * *

वायरी बदलल्या, तर ट्रॅक्टर डुलायला लागला. एकदा इकडं, एकदा तिकडं. तास निघाले सापासारखे. गावात बोलणं सुरू झालं, तात्या म्हातारपणी प्यायला लागला. संध्याकाळी ही दारातच उभी. "तोंड उघडा."

"अगं, मी नाही डुलत. मोटर डुलते."

"मोटर पीत नसती," ती म्हणाली आणि वास घेऊनच आत जाऊ दिलं.

* * *

उन्हाळ्यात सगळं जमून आलं. आमच्या घराच्या गच्चीवर सुभेदारांनी अँटेनाचा दुसरा डबा ठेवला होता. तो एका जागी बसून ट्रॅक्टरला उपग्रहाच्या मोजणीतली चूक सांगायचा. आठवडाभर तास दोरी लावल्यासारखे आले. मग एका सकाळी सगळे तास दोन हात बाजूला सरकले. सरळ होते, पण सरकलेले. सुभेदार दिवसभर कागदावर गणितं करत बसले. सूर्यावर काहीतरी झालंय म्हणाले.

संध्याकाळी ते गच्चीवर गेले. तिथं हिनं मिरच्या वाळत घातल्या होत्या, आणि डबा उचलून कोपऱ्यात ठेवला होता.

"डबा का हलवला वहिनी?"

"मग काय मिरच्या सावलीत वाळवू?"

* * *

आता तो धुक्याचा दिवस. चार गावांतली माणसं यंत्र बघायला आली होती. पहिला तास दामूअण्णाच्या बांधाला धरून काढायचा ठरलं. हिनं ट्रॅक्टरची पूजा केली, नारळ फोडला आणि झेंडूची जाड माळ घातली. घातली ती स्टिअरिंगला.

दहा पावलं गेलो आणि माळ फिरकीत शिरली. फुलं चिरडली, रबर घसरायला लागलं, मोटर नुसती घुंघुं करत राहिली. मागं सगळा गाव उभा. सुभेदारांचा चेहरा मला दिसत नव्हता, पण कसा झाला असेल ते कळत होतं. थांबलो असतो तर यंत्राचं हसं. हातानं चालवला असता तर तास वाकडा येऊन माझे डोळे सगळ्यांना कळले असते. समोर नुसतं पांढरं ऊन, फडक्याचा पत्ता नाही.

तेवढ्यात पार टोकाला काहीतरी चमकलं. दिवा लावावा तसं. हलेना. मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं आणि त्या चमकीवर नजर ठेवून निघालो.

टोकाला पोचलो. मागं लोक टाळ्या वाजवत होते. रफिकभाई सगळ्यांना विचारत होते, "मोटर बसवली कुणी?" समोर दामूअण्णा उभा होता, घासलेली पितळेची परात उन्हात धरून. उभा होता तो बांधापासून पाऊलभर माझ्या रानात.

मी खाली उतरलो. त्यानं परात काखेत मारली आणि अकरा वर्षांनी माझ्याशी बोलला.

"तुला फडकं दिसत नाय, हे मला दोन वरसांपासून ठाऊक हाय. मी कोणाला बोललो नाय, बोलणार बी नाय. तास लय सरळ आलाय बघ, तात्या. आता बांध बी त्याच्यावरच टाकू."